एफपीजीएमध्ये दुतर्फा स्विच आणि दोनापेक्षा जास्त किमतींचं लॉजिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या खोलीवर संध्याकाळी डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सची पोरं येतात. कोणी तिसऱ्या वर्षाला, कोणी हिंगण्याला नोकरीला लागलेलं, एकदोघं निव्वळ हौशी. दर बॅचला हेच प्रश्न निघतात, आणि कूलरच्या आवाजात मी तीच उत्तरं ओरडून देतो. म्हणून एकदाची लिहून काढली. एफपीजीए म्हणजे आतलं सर्किट आपण कोड लिहून ठरवतो ती चिप. व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल या सर्किट लिहायच्या भाषांमध्ये एखादा काउंटर लिहून बोर्डवर चालवलेला असेल, एवढं मी धरून चाललोय.

शब्दाचं एक आधीच सांगतो. पुस्तकात 'बहुमूल्य तर्क' असं छापलेलं असतं आणि वाचताना सोन्याचांदीची गोष्ट चालली आहे असं वाटतं. मी 'बहुमूल्यी' म्हणतो.

दुतर्फा स्विच म्हणजे नेमकं काय? साधा गेट वेगळा कसा?

गेटला तोंड आणि शेपूट असते. एका बाजूने सिग्नल आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, उलटं कधीच नाही. भिंतीवरच्या बटणाला मात्र दिशा नाही. दाबलं की दोन टोकं जोडली गेली. वीज कुठून कुठे जाते याच्याशी बटणाला देणंघेणं नाही.

चिपमध्ये हे काम ट्रान्समिशन गेट करतो: एक एन-मॉस आणि एक पी-मॉस असे दोन विरुद्ध जातीचे ट्रान्झिस्टर, पाठीला पाठ लावून समांतर. सीडी ४०६६ या चिपमध्ये असे चार स्विच असतात. सुरू असताना तो तार नसून रेझिस्टर असतो, हे विसरू नका. ५ व्होल्टवर जुन्या ४०६६ चा रोध काहीशे ओहम भरतो.

मग एफपीजीएच्या आत असा स्विच बनवता येतो का?

नाही. तुमच्या लॉजिकने चालूबंद होणारा तर नाहीच.

एफपीजीएचा मूळ दाणा म्हणजे लूकअप टेबल. चार किंवा सहा इनपुट, एक आउटपुट आणि मधे एक छोटी मेमरी. हा दाणा पक्का एकतर्फी. दाण्यांना जोडणाऱ्या तारांवरही आजच्या चिपमध्ये प्रत्येकी एकच ड्रायव्हर असतो आणि त्याच्या मागे मल्टिप्लेक्सर, म्हणजे अनेकांतून एक निवडणारा. गंमत म्हणजे सुरुवातीच्या एफपीजीएत तारांच्या चौकात खरेखुरे पास ट्रान्झिस्टर होते, म्हणजे दुतर्फा स्विचच. पण त्यांची किल्ली कॉन्फिगरेशन बिटच्या हातात होती. चिप लोड होताना ते एकदा लागायचे आणि पुढे तसेच राहायचे. तुमच्या सिग्नलला तिथे हात घालायला जागा नव्हती.

दुतर्फा म्हणावं असं काही उरतं ते फक्त पिनेपाशी. तिथे एक आउटपुट बफर, एक इनपुट बफर आणि आउटपुट बंद करणारी एक तार असते. झायलिंक्स कंपनीच्या 'आयओबफ' या तयार बफरमध्ये या तारेचं नाव 'टी', आणि ती १ असली की आउटपुट बंद होतं. निम्मी पोरं इथेच उलटं जोडतात.

पण सिम्युलेशनमध्ये माझं 'ट्रान' आणि 'ट्रानिफ१' छान चालतं की!

चालणारच. व्हेरिलॉग जन्मली तेव्हा चिपचे ट्रान्झिस्टर कागदावर चालवून बघणं हेही तिचं एक काम होतं. त्यामुळे भाषेत 'ट्रान'सारखे दुतर्फा स्विच आहेत, ०, १, एक्स (माहीत नाही), झेड (कोणी बोलत नाही) या चार किमती आहेत, आणि त्यावर सिग्नलच्या ताकदीच्या आठ पायऱ्याही आहेत. व्हीएचडीएलच्या 'एसटीडी लॉजिक'मध्ये तर नऊ किमती आहेत. हा सगळा संसार सिम्युलेटरचा. सिंथेसिसच्या, म्हणजे कोडचं खऱ्या हार्डवेअरमध्ये रूपांतर करण्याच्या, दारात तो जवळजवळ सगळा बाहेर राहतो: 'ट्रान' दिसला की टूल एकतर नकार देतं, नाहीतर इशारा छापून पुढे सरकतं. तो इशारा कोणी वाचत नाही, ही माझी कायमची तक्रार.

सरांच्या जुन्या पुस्तकात एफपीजीएच्या आत ट्राय-स्टेट बस दाखवली आहे. ते चूक आहे का?

चूक नाही, जुनं आहे. झायलिंक्सच्या एक्ससी ४०००, पहिल्या व्हर्टेक्स आणि स्पार्टन-२ मध्ये आत खरोखर ट्राय-स्टेट बफर (० किंवा १ देणारे, नाहीतर गप्प बसणारे ड्रायव्हर) होते. स्पार्टन-३ पासून ते गेले. आता आतल्या बसवर झेड लिहिलात तर टूल गुपचूप त्याचा मल्टिप्लेक्सर करतं. बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते दोन ड्रायव्हर एकाच वेळी सुरू राहू शकत असतील तेव्हा. सिम्युलेशनमध्ये तिथे लालभडक एक्स दिसतो, हार्डवेअरमध्ये मात्र काहीतरी ० किंवा १ येतं आणि चूक झाकली जाते.

दोन्ही बाजूंनी लिहून बघितलं: अ वरून ब, ब वरून अ. एलईडी लागतो, पण विझतच नाही. का?

या पानावर एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

मागच्या उन्हाळ्यात एका मुलीने रिलेचं जुनं सर्किट एफपीजीएवर उतरवायला घेतलं. सर्किट पुलाचं होतं. बॅटरीपासून दोन फांद्या. पहिलीवर अ हा स्विच, त्यापुढे प हा सांधा, मग ब, मग दिवा. दुसरीवर क, मग फ हा सांधा, मग ड, मग तोच दिवा. आणि प आणि फ यांच्यामध्ये आडवा स्विच, इ. पाचच स्विच, पण इ मधून वीज दोन्हीकडे जाऊ शकते. कधी प कडून फ कडे, कधी उलट. क्लॉड शॅनन यांनी १९३७ च्या आपल्या प्रबंधात रिलेच्या जाळ्यांना बीजगणितात बसवलं, तेव्हापासून हा पूल विद्यार्थ्यांना छळतोय.

तिने सरळ लिहिलं:

प = अ किंवा (इ आणि फ)
फ = क किंवा (इ आणि प)
दिवा = (प आणि ब) किंवा (फ आणि ड)

वाचायला बिनचूक. बोर्डवर टाकलं, इ आणि ड दाबून धरले, अ दाबला. दिवा लागला. अ सोडला. दिवा तसाच. तिने बोर्ड बदलला, केबल बदलली, शेवटी कूलर बंद करून बघितला. दिवा ढिम्म.

हिशोब असा. अ दाबल्यावर प झाला १. इ मुळे फ झाला १. अ सोडला, पण प ला आता फ कडून १ मिळतोय आणि फ ला प कडून. दोघं एकमेकांच्या भरवशावर उभे, खाली जमीन कोणाच्याच नाही. खऱ्या रिलेच्या पुलात हे होत नाही, कारण तिथली वीज बॅटरीतून येते; बॅटरीशी नातं तुटलं की दोन्ही सांधे मेले. आपल्या समीकरणांत 'बॅटरीशी जोडलेला' आणि 'शेजाऱ्याने सांगितलं म्हणून जोडलेला' हे दोन्ही एकाच १ ने लिहिलं गेलं. तिने स्विच लिहायला घेतला आणि लिहून झाला लॅच, म्हणजे जुनी किंमत धरून बसणारी मेमरी. टूलनेही 'कॉम्बिनेशनल लूप' असा इशारा दिला होता. वर म्हटलं तेच, वाचला कोणी?

मग हा पूल बरोबर लिहायचा कसा?

दोन वाटा आहेत.

जाळं लहान असेल तर स्विच विसरा, रस्ते मोजा. बॅटरीपासून दिव्यापर्यंत एकही सांधा दोनदा न ओलांडता किती मार्गांनी जाता येतं? अ-ब, क-ड, अ-इ-ड, क-इ-ब. चारच. खाली · म्हणजे 'आणि', + म्हणजे 'किंवा'.

दिवा = अ·ब + क·ड + अ·इ·ड + क·इ·ब

इनपुट पाच, म्हणजे सहा इनपुटच्या एका लूकअप टेबलात सगळा पूल मावला. आडवा इ दोन पदांत आला, एकदा या दिशेने, एकदा त्या. दुतर्फा स्विचचं एकतर्फी भाषांतर ते एवढंच: प्रत्येक दिशा वेगळी लिहायची.

जाळं मोठं असेल तर रस्त्यांची संख्या हाताबाहेर जाते. तिथे क्लॉक लावा. प्रत्येक सांध्याला एक फ्लिप-फ्लॉप. फेरीच्या सुरुवातीला सगळे सांधे ० करा आणि फक्त बॅटरीचा १ ठेवा. मग प्रत्येक ठोक्याला १ सुरू स्विचवरून एक घर पुढे सरकतो. सांध्यांची संख्या 'न' धरली तर 'न'−१ ठोक्यांत जिथे पोचायचं तिथे पोचतो. उत्तर उचला, पुन्हा सगळं ० करा, पुढची फेरी. सगळी करामत त्या पुसण्यात आहे. फेरी चालू असताना स्विच बदलू देऊ नका, त्यांची किंमत सुरुवातीलाच पकडून ठेवा. ५० मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर ५० सांध्यांची फेरी साधारण १ मायक्रोसेकंदात होते. माणसाच्या बोटाला एवढं पुरे.

चार्ज साठवणारे सांधे आणि कमीजास्त ताकदीचे ट्रान्झिस्टर यांसकट हे प्रकरण रँडल ब्रायंट यांनी १९८० च्या दशकात 'मॉससिम' या स्विच पातळीच्या सिम्युलेटरमध्ये नीट बांधलं. जुना प्रोसेसर ट्रान्झिस्टरसकट एफपीजीएवर उतरवायची खुमखुमी असेल तर तिथून सुरुवात करा.

माझ्याकडे जाळं नाही, फक्त दोन पिना आहेत. आय-स्क्वेअर-सीची (चिपा एकमेकींशी बोलतात ती दोन तारांची बस) डेटा तार एफपीजीएतून आरपार न्यायची आहे.

तोच रोग, आणि इथे जास्त अवघड. पुलात निदान अ, ब, क वेगळे दिसत होते. पिनेवर मी ० लादत असेन तर बाहेरचा माणूसही ० लादतोय की नाही हे मला दिसतच नाही, कारण वाचलं तरी माझाच ० परत येतो. डावी खाली गेली, मी उजवी खाली ओढली, उजवी खाली दिसली म्हणून डावी खाली ओढली. आता बाहेरच्यांनी सोडलं तरी दोन्ही तारा जन्मभर खाली.

इतवारी–नागभीडची नॅरोगेज आठवा. रूळ एकच होता, गाड्या दोन्हीकडून यायच्या, पण एका वेळी एकाच बाजूने. इथेही दिशा कोणाची ते लक्षात ठेवणारं कोणीतरी हवं, म्हणजे एक छोटं स्टेट मशीन.

मोकळ्या अवस्थेत दोन्ही पिना सोडलेल्या, दोन्ही पुल-अपमुळे (तारेला १ कडे ओढून ठेवणारा रेझिस्टर) १. डावी आधी पडली तर 'डावीकडून' अवस्थेत जा आणि फक्त उजवी खाली ओढा. डावीला हात लावायचा नाही, म्हणजे तिचं खरं रूप दिसत राहतं. डावी वर गेली की उजवी सोडा.

आणि आता थांबा. इथे सगळे घाई करतात. उजवी तार सोडल्याबरोबर वर जात नाही. ४.७ किलोओहमचा पुल-अप आणि १०० पिकोफॅरडची तार धरली तर टाइम कॉन्स्टंट जवळपास अर्धा मायक्रोसेकंद. तेवढ्यात मोकळ्या अवस्थेत येऊन बघितलं तर उजवी अजून ० दिसते, मशीनला वाटतं उजवीकडून कोणी बोलतंय, आणि ते डावी खाली ओढतं. मग डावी, मग उजवी, स्कोपवर दातेरी करवत. म्हणून सोडल्यावर १ मायक्रोसेकंद थांबायचं. त्यानंतरही उजवी खाली असेल तर पलीकडून खरंच कोणीतरी धरलंय, तेव्हा 'उजवीकडून' अवस्थेत जा. पिना वाचताना दोन फ्लिप-फ्लॉपचा सिंक्रोनायझर लावायचा, हे सांगायला नको.

या थांबण्यात डावीवर क्षणभर खोटा १ दिसतो. डेटा तारेवर तो बहुधा क्लॉक खाली असताना येतो, म्हणून खपतो. क्लॉकच्या तारेवर, समोरची चिप क्लॉक धरून ठेवणारी असेल तर, तोच खोटा ठोका ठरतो. तिथे हट्ट करू नका, तयार रिपीटर चिप घ्या. त्यांतल्या काही आपला ० जमिनीपासून थोडा वर, अर्ध्या व्होल्टच्या आसपास ठेवतात आणि त्याहून खोल ० दिसला तर तो समोरच्याचा आहे हे ओळखतात. एफपीजीएच्या साध्या पिनेला ही बारकाई जमत नाही.

खरा स्विच बाहेर कधी लावायचा?

सिग्नल अॅनालॉग असेल तेव्हा. दिशा कोणाची ते कोणत्याच मशीनला वेळेत कळणार नसेल तेव्हा. आणि उशीर चालणारच नसेल तेव्हा: पिनेतून आत येऊन दुसऱ्या पिनेने बाहेर पडायला एफपीजीए किंवा सीपीएलडीला (एफपीजीएचा धाकटा भाऊ) ५ ते १० नॅनोसेकंद लागतात, तर सीबीटी घराण्यातल्या बस स्विचमधून सिग्नल पाव नॅनोसेकंदात पलीकडे जातो आणि रोधही ५ ओहमच्या आसपास. एफपीजीएने फक्त त्याचा इनेबल पाय हलवायचा. बर्डीवर पार्टच्या दुकानात ४०६६ मागितलं की मिळतं. सीबीटी बहुधा मागवावं लागतं, आणि येतं ते इतक्या बारीक पायांचं की चष्मा लागतो.

झेड ही तिसरी किंमत झाली ना? म्हणजे ट्राय-स्टेट बस हेच त्रिमूल्यी लॉजिक?

नाही. झेड म्हणजे कोणी बोलत नाही. ते तारेचं म्हणणं नव्हे, बोलणाऱ्याची गैरहजेरी आहे. एक्स तर त्याहून वेगळा: तो सिम्युलेटरचा 'मला माहीत नाही' आहे. तांब्यावर एक्स कधी कोणी मोजलेला नाही. मोकळी सोडलेली इनपुट पिनसुद्धा आत ० नाहीतर १ म्हणूनच वाचली जाते, फक्त कधी काय ते सांगता येत नाही. आमच्याकडे कूलरची पाण्याची मोटर सुरू झाली की मोकळी पिन उड्या मारते.

भाऊ, मग पिनेवर झेड आहे की नाही हे कोडमध्ये तपासताच येत नाही?

'बरोबर झेड आहे का' असं लिहून नाही. ती तुलना सिम्युलेशनपुरतीच. पण एक रेझिस्टर आणि एक जास्तीची पिन देत असाल तर येतं.

वाचायची पिन क. दुसरी पिन ख १० किलोओहममधून क ला जोडा. ख वर १ द्या, २ मायक्रोसेकंद थांबा, क वाचा. मग ख वर ० द्या, तेवढंच थांबा, पुन्हा वाचा. दोन्ही वेळा १ आलं तर बाहेर खरा १. दोन्ही वेळा ० आलं तर खरा ०. पहिल्यांदा १ आणि मग ० आलं, म्हणजे क निमूटपणे ख च्या मागे गेली, तर बाहेर कोणी नाही, झेड. उलटं आलं तर मधेच काहीतरी बदललं, ते वाचन फेकून द्या.

बाहेर ४.७ किलोओहमचा पुल-अप असेल तर? ख वर ० असताना ३.३ व्होल्टची वाटणी होऊन क वर २.२ व्होल्ट उरतात, ते १ च वाचले जातात. १० च्या जागी १ किलोओहम लावा: आता ०.६ च्या खाली येतात आणि ० वाचले जातात. म्हणजे बाहेरचा १ धट्टाकट्टा आहे की पुल-अपचा लेचापेचा, हेही कळतं. व्हीएचडीएलमधले '१' आणि 'एच' (लेचापेचा १) टेबलावर वेगळे दिसायचे असतील तर हा प्रयोग करून बघा. खर्च दोन रेझिस्टर.

आतल्या आत मला खरंच ०, १, झेड, एक्स चारही किमती फिरवायच्या आहेत. कशा?

एका तारेऐवजी दोन घ्या. एक 'हो' तार, एक 'नाही' तार. १ म्हणायचं असेल तर हो वर करा, ० म्हणायचं असेल तर नाही वर करा. दोन्ही गप्प म्हणजे झेड. दोन्ही वर म्हणजे भांडण, एक्स.

आता एका बसवर दहा जण बोलत असले तरी निकाल कसा काढायचा? सगळ्यांच्या हो तारा ऑर करा, सगळ्यांच्या नाही तारा ऑर करा. संपलं. एखादा बोलला तर त्याचं म्हणणं, कोणी नाही बोललं तर झेड, दोघं विरुद्ध बोलले तर ते भांडण आपोआप निकालात उमटतं. पुल-अप हवा असेल तर शेवटी 'दोन्ही गप्प असतील तर हो' एवढी एक पुरवणी. नुएल बेल्नॅप यांनी १९७७ मध्ये तर्कशास्त्रात मांडलेल्या चार किमती (खरं सांगितलं, खोटं सांगितलं, दोन्ही सांगितलं, काहीच नाही) ह्याच, बसशी काही संबंध नसताना निघालेल्या.

पुलाचा घोटाळाही इथेच आधी मिटवता आला असता. प्रत्येक टोकाला 'मी काय टाकतो' आणि 'एकंदर काय दिसतं' ह्या दोन वेगळ्या तारा ठेवायच्या, आणि स्विचमधून पलीकडे पाठवायचं ते फक्त पहिलं. एकंदर दिसणारं परत पलीकडे पाठवलं की लॅच झालाच.

आणि खरं त्रिमूल्यी गणित? −१, ०, +१ वालं?

त्याच दोन तारा, अर्थ फक्त बदलायचा: हो म्हणजे +१, नाही म्हणजे −१, दोन्ही गप्प म्हणजे ०. अशा एका अंकाला ट्रिट म्हणतात. या लिखाणात चिन्ह बदलायला गेटच लागत नाही, दोन तारांची अदलाबदल केली की झालं. दोन ट्रिटमधला लहान काढायचा तर हो तारा अँड करा, नाही तारा ऑर करा. मोठा हवा तर उलट.

संतुलित त्रिमान पद्धतीत ५ लिहायचे तर + − −, म्हणजे ९ − ३ − १. आठ म्हणजे + ० −. ऋण संख्येसाठी वेगळी सोय नको. सगळी चिन्हं उलटवली की −५ तयार. वहीवर करताना हे फार गोड वाटतं.

आता बिल. दोन ट्रिट घेऊन एक ट्रिट देणाऱ्या फंक्शनला चार बिट इनपुट, दोन बिट आउटपुट. झायलिंक्सच्या ७ मालिकेतलं सहा इनपुटचं लूकअप टेबल पाच-पाचच्या दोन टेबलांसारखंही वापरता येतं, म्हणून असं कुठलंही फंक्शन एका टेबलात बसतं. अशी फंक्शन १९६८३ आहेत आणि किंमत सगळ्यांची सारखीच. इथपर्यंत झकास. बेरजेला गेलं की गाडी अडते. फुल अॅडरमध्ये तीन ट्रिट येतात, सहा बिट; बाहेर बेरीज आणि हातचा, चार बिट. म्हणजे चार पूर्ण टेबलं. बायनरीत साधारण एका बिटाला एक टेबल पुरतं आणि हातचा चिपमधल्या खास कॅरी चेनवरून भरधाव जातो. त्रिमूल्यी हातच्याला ती चेन सहज वापरता येत नाही, तो साध्या तारांतून ठेचकाळत जातो. एका ट्रिटमध्ये माहिती १.५८ बिटांची. चौपट टेबलं देऊन दीडपट माल. साठवायला मात्र एक युक्ती आहे: पाच ट्रिट म्हणजे २४३ शक्यता, त्या ८ बिटांत मावतात, म्हणून मेमरीत ठेवताना असे गठ्ठे बांधा.

माझं मत विचाराल तर एफपीजीएवर त्रिमूल्यी गणित शिकण्यासाठी करा, वेगासाठी नको. मॉस्को विद्यापीठात निकोलाय ब्रुसेन्त्सोव्ह यांनी १९५८ मध्ये 'सेतुन' हा त्रिमान संगणक उभा केला, तसे पन्नासेक यंत्रंही बनली, पण तिथेसुद्धा एका ट्रिटला चुंबकीय कड्यांची जोडीच लागत होती. दोन द्विमूल्यी वस्तू घेऊन एक त्रिमूल्यी. आपण तेच करतोय.

दोन्ही तारा वर, ही चौथी अवस्था त्रिमूल्यी गणितात आली तर?

यायला नको. आली तर एक लाल एलईडी लावा आणि ती शोधा. '० समजून घ्या' असं लिहून मोकळं होऊ नका. फुकटात मिळालेला पहारेकरी आपणच कशाला झोपवायचा?

एकाच तारेवर खरोखर तीन-चार पातळ्या कोणी वापरतं का?

रोज, तुमच्या खिशात. फ्लॅश मेमरीच्या एका सेलमध्ये दोन किंवा तीन बिट ठेवतात, ते चार्जच्या चार किंवा आठ पातळ्यांवर. इंटेलने १९८० च्या ८०८७ या गणिताच्या चिपमध्ये रॉमच्या प्रत्येक ट्रान्झिस्टरला चारपैकी एक आकार देऊन दोन बिट बसवले होते. पीसीआय एक्सप्रेस ६.० तारेवर चार पातळ्या चालवतं. पण यातलं कुणीही चार पातळ्यांत गणित करत नाही. वाहतूक आणि साठवण बहुमूल्यी, हिशोब शेवटी बायनरीतच.

एफपीजीएवर खेळायचं असेल तर दोन पिना आणि रेझिस्टर जोडून चार पातळ्या बाहेर काढता येतात. आत घ्यायला एलव्हीडीएस (दोन पायांमधला फरक वाचणारी) इनपुटची जोडी तुलनाकार म्हणून वापरा: एका पायावर सिग्नल, दुसऱ्यावर रेझिस्टरने ठरवलेला उंबरठा. तीन पातळ्या ओळखायला अशा दोन जोड्या. चिपमध्ये एडीसी (व्होल्टेजचा आकडा करून देणारा भाग) असेल तर आणखी सोपं. झायलिंक्स ७ मालिकेतला १२ बिटांचा आहे.

दोन आउटपुट एकमेकांवर आले तर पिन जळते का?

क्षणभराने सहसा नाही, मिनिटभराने खुशाल. ३.३ व्होल्टवर दोन तगडे ड्रायव्हर भिडले की दहाच्या पटीत मिलिअँपिअर वाहतात आणि तेवढ्या भागात चिप तापते. माझी एक पिन गेली ती मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, 'टी' ची तार मीच उलटी जोडली म्हणून. बाहेरच ४५ अंश होते. साध्या दर्जाच्या चिपला आतून ८५ अंशांपर्यंतच मुभा असते, म्हणजे हातात उरले ४०. तेव्हापासून प्रयोगाच्या प्रत्येक दुतर्फा पिनेला ३३० ओहम मालिकेत लावतो. भांडण झालंच तर १० मिलिअँपिअरवर थांबतं. वेगवान बससाठी हा आकडा जास्त होतो, तिथे कमी करावा लागेल.

सुरुवातीला कोणता बोर्ड घेऊ?

जो हाताशी असेल तो. आइस४० किंवा गोविन एफपीजीएचा छोटा बोर्ड असेल तर योसिस हे मुक्त टूल चालतं, आणि आतला ट्राय-स्टेट कुठे लॉजिकमध्ये बदलला ते त्याच्या लॉगमध्ये दिसतं. तिथली लूकअप टेबलं चार इनपुटची आहेत, त्यामुळे वरचा अॅडर जास्त जागा खाईल. पाच स्विचचा पूल मात्र कुठेही मावतो. तो आधी चुकीचा लिहा, इ आणि ड दाबून धरा, अ सोडल्यावर दिवा तसाच राहतो ते डोळ्यांनी बघा, आणि मगच चार रस्त्यांचं समीकरण टाका.